प्रेक्षक-सज्जा ते क्षेत्रसभा : नगरकारभारातील नागरिकाची जागा

महाराष्ट्राबाहेरच्या ज्या शहरात माझी मागे एकदा नेमणूक होती, तेथील महाराष्ट्र मंडळाची एक जुनी वास्तू आहे. वास्तूपुढे थोडे मोकळे पटांगण आहे. गणेशोत्सव, कोजागरी, मुलांचे संमेलन, कोणाच्या निधनानंतरची शोकसभा, सारे काही तेथेच होते. एका संध्याकाळी कार्यकारिणीच्या बैठकीत बातमी आली की शहराच्या नव्या विकास आराखड्याच्या मसुद्यात रस्त्याची आखणी सरळ या पटांगणावरून गेली आहे. मसुदा रीतसर प्रसिद्ध झाला होता, वर्तमानपत्रात सूचना छापून आली होती आणि हरकती मागवण्यात आल्या होत्या. मुदत तीन दिवसांपूर्वीच संपलेली होती.

त्या बैठकीत दोन निवृत्त अभियंते, एक सनदी लेखापाल, एक वकील आणि अस्मादिक असे पाच जण होतो. पाचही जण रोज वर्तमानपत्र वाचणारे. पण ती सूचना एकानेही वाचली नव्हती. मला सर्वात अधिक बोचले ते वेगळेच. ‘विहित मुदतीत कोणतीही हरकत प्राप्त झाली नाही, सबब प्रस्ताव अंतिम करण्यास प्रत्यवाय नसावा,’ हे वाक्य नोकरीत मी स्वतः कितीतरी नस्त्यांवर लिहिले होते. त्या वाक्याच्या दुसऱ्या बाजूला उभे राहण्याचा प्रसंग प्रथमच आला होता. हरकत आली नाही याचा अर्थ हरकत नव्हती असा होत नाही, हे मला त्या दिवशी उमगले.

त्यानंतर एक प्रश्न मनात घर करून राहिला. आपल्या शहराच्या कारभारात सामान्य नागरिकाला बोलण्याची जागा नेमकी कोठे आहे, आणि ती तेवढीच का आहे? निवडणुकीचा दिवस सोडून उरलेल्या पाच वर्षांविषयी मी विचारीत आहे. उत्तर शोधू जाता दीडशे वर्षांचा इतिहास उलगडत जातो.

करदात्यांची चळवळ

भारतातील सर्वात जुनी नगरसंस्था मद्रासची, १६८८ सालची. परंतु नगरसंस्था असणे आणि नगरवासीयांना तिच्यात आवाज असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरीचा आरंभ पाहायचा तर एकोणिसाव्या शतकातील मुंबईकडे वळावे लागते.

१८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार एका आयुक्ताच्या हाती एकवटला. देखरेखीसाठी ‘जस्टिसेस ऑफ द पीस’ यांचे मंडळ होते, पण ते सरकारनियुक्त होते. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड हे कर्तबगार आणि सढळ हाताचे गृहस्थ. रस्ते झाले, बाजार झाले, स्वच्छता सुधारली. मात्र खर्चाला धरबंद राहिला नाही. कापसाच्या तेजीचा फुगा त्याच वर्षी फुटला होता आणि शहर आर्थिक विपन्नावस्थेत होते. करदाते संतापले. १८७१ मध्ये सभा झाल्या, अर्ज गेले आणि अखेरीस क्रॉफर्ड यांना पद सोडावे लागले.

या वादात फिरोजशहा मेहता या तरुण बॅरिस्टरने घेतलेली भूमिका आजही विचार करण्याजोगी आहे. लोक क्रॉफर्डवर तुटून पडले असताना फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये निबंध वाचून मेहतांनी सांगितले की दोष समर्थ आयुक्ताचा नाही. त्याच्यावर अंकुश ठेवणारे मंडळ लोकांनी निवडलेले नाही, हे दुखण्याचे मूळ आहे. आयुक्त ठेवा, पण त्याला प्रश्न विचारणारी सभा करदात्यांची असू द्या, असे त्यांचे प्रतिपादन होते. श्रोत्यांना ते फारसे रुचले नाही. तथापि १८७२ चा कायदा झाला त्याचा सांगाडा याच धर्तीचा होता. ६४ सभासदांपैकी ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिसांनी निवडायचे आणि १६ सरकारने नेमायचे. पुढे १८८८ चा सुप्रसिद्ध कायदा आला. त्याच्या घडणीत मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा मोठा वाटा होता, आणि अनेक दुरुस्त्यांसह तोच कायदा आजही मुंबईत लागू आहे.

या कायद्यातील एक तरतूद आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. महापालिकेची सभा जनतेसाठी खुली असेल. बहुसंख्य सभासदांनी ठरवले तरच एखादा विषय बंद दाराआड चर्चिला जाईल. प्रेक्षक-सज्जाला जागा मिळाली ती या तत्त्वातून. ज्या काळात इलाख्याचे सचिवालय जनतेला काही सांगणे लागत नाही असे मानीत होते, त्या काळात ही तरतूद लहान नव्हती. परंतु तिची मर्यादाही तेथेच आहे. सज्जात बसलेल्या नागरिकाने ऐकायचे, पाहायचे आणि शांत राहायचे. गडबड केली तर त्याला बाहेर काढण्याचा अधिकार अध्यक्षांना आहे. नागरिकासाठी उघडलेले पहिले दार हे असे प्रेक्षकाचे दार होते.

रिपनचा ठराव आणि त्याची किंमत

१८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्याविषयीचा ठराव प्रसिद्ध केला. त्याचे सार असे, की स्थानिक संस्थांमुळे कारभार लगेच सुधारेल असा दावा नाही. लोकांना राजकीय शिक्षण मिळावे हा मुख्य हेतू आहे. कार्यक्षमतेपेक्षा शिक्षणाला अधिक मोल देणारा सरकारी दस्तऐवज विरळाच. पुढच्या काळात नोकरशाहीने या ठरावाची धार हळूहळू बोथट केली. कलकत्त्यात तर १८९९ मध्ये नवा कायदा करून निवडून आलेल्या सभासदांची संख्या ५० वरून २५ वर आणली गेली. तेव्हा सुरेंद्रनाथ बॅनर्जींसह २८ सभासदांनी एकदम राजीनामे दिले. पुढे १९२३ चा कलकत्ता महापालिका कायदा याच सुरेंद्रनाथांनी मंत्री या नात्याने केला. इतिहासात असा न्याय क्वचितच पाहावयास मिळतो.

आपल्या पुढाऱ्यांनी या शाळेत धडे गिरवले. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. गोपाळ कृष्ण गोखले विसाव्या शतकाच्या आरंभी तिचे अध्यक्ष झाले. वल्लभभाई पटेल १९२४ ते १९२८ अहमदाबादचे अध्यक्ष होते. जवाहरलाल नेहरू १९२३ ते १९२५ अलाहाबादचे, तर चित्तरंजन दास १९२४ मध्ये कलकत्त्याचे पहिले महापौर. पुढाऱ्यांचे राजकीय शिक्षण उत्तम झाले. ज्यांच्या नावाने ते चालले होते त्या सामान्य जनांचे मात्र झाले नाही, कारण मताचा अधिकारच कर आणि भाडे यांच्या पट्टीने मोजला जात होता. मुंबईत १९२२ मध्ये दरमहा दहा रुपये भाडे भरणाऱ्यापर्यंत तो खाली आला. प्रौढ मताधिकारावर महापालिकेची पहिली निवडणूक व्हायला १९४८ उजाडावे लागले.

हरकतीचे दार

नागरिकासाठी दुसरे दार उघडले ते १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने. भारतातील असा हा पहिला कायदा. शहराच्या वेशीवरच्या शेतजमिनी एकत्र करायच्या, त्यांतून रस्ते व मोकळ्या जागा काढायच्या आणि उरलेले भूखंड नीट आकार देऊन मूळ मालकांना परत द्यायचे, ही त्याची पद्धत. एका मालकाची जमीन घेऊन दुसऱ्याचा फायदा करण्यापेक्षा लाभ आणि भार सर्वांत वाटण्याची ही युक्ती अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला आजही कौतुकास्पद वाटते. तीत प्रत्येक मालकाचे म्हणणे ऐकून घेणे अपरिहार्य होते, म्हणून सूचना, हरकत, लवाद आणि सुनावणी अशी सारी यंत्रणा उभी राहिली.

ध्यानात घेण्याची गोष्ट अशी, की ही यंत्रणा मालकासाठी जन्मली. भाडेकरू, फेरीवाला, कसणारे कूळ, रस्त्यापलीकडच्या चाळीत राहणारा गिरणी कामगार यांच्या जमिनीच नव्हत्या, तेव्हा त्यांची हरकत कशाची? १९५४ च्या कायद्याने संपूर्ण शहराचा विकास आराखडा आणला. त्याची जागा घेणाऱ्या १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने तो अधिक विस्तृत केला. आता हरकत कोणीही घेऊ शकतो. नियोजन समिती नेमली जाते. तीत स्थायी समितीचे तीन सभासद आणि शासनाने नेमलेले चारपर्यंत तज्ज्ञ असतात. ही समिती हरकती ऐकून अहवाल देते. दार रुंद झाले यात शंका नाही, पण घराची मांडणी बदलली नाही. आराखडा आधी तयार होतो आणि नागरिकाला नंतर बोलावले जाते. त्याने काय हवे ते सांगायचे नसते, काय नको तेवढे मुदतीत लिहून द्यायचे असते. भाषाही न्यायालयाची आहे. ‘हरकत’ या शब्दातच प्रतिवादीचा वास आहे.

इंदूरची दिवाळी

याच सुमारास अगदी निराळ्या वाटेने विचार करणारा एक मनुष्य भारतात फिरत होता. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ, नगररचनाकार आणि समाजचिंतक १९१४ मध्ये भारतात आले. येताना त्यांनी नगररचनेचे प्रदर्शन आणले होते; ते वाहून नेणारे जहाज जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडवले, तरी नवे साहित्य जमवून त्यांनी मद्रासला प्रदर्शन भरवलेच. पुढची काही वर्षे ते शहराशहरांतून पायी हिंडले. गल्लीबोळ, विहिरी, तलाव, देवळांची आवारे त्यांनी पाहिली. जुनी वस्ती पाडून सरळ रस्ते काढण्याच्या अभियंत्यांच्या सवयीवर त्यांनी सडकून टीका केली. आधी निदान, मग शक्य तितकी लहान शस्त्रक्रिया, असा त्यांचा वैद्यकी बाणा होता. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले; गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी.

होळकरांच्या इंदूरसाठी त्यांनी केलेला अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यावेळी इंदूर प्लेगने ग्रासलेले होते. प्लेगविरोधी मोहीम म्हणजे सरकारी माणसे घरात शिरणार, सामान बाहेर फेकणार, घर पाडणार, हा अनुभव लोकांना सर्वत्र आलेला होता. पुण्यातील १८९७ च्या कटू आठवणी मराठी वाचकास सांगावयास नकोत. गेडिस रस्त्यातून जात तेव्हा घर पाडणारा साहेब आला म्हणून लोक घाबरून पाहत. त्यांनी दरबाराकडे एक विलक्षण मागणी केली. मला एक दिवसाचा महाराजा करा, आणि दिवाळीची मिरवणूक माझ्या पद्धतीने काढू द्या.

त्यांच्या चरित्रकारांनी पुढची हकीकत नोंदवून ठेवली आहे. दवंडी पिटली गेली की यंदाची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. जी पेठ आपली घरे आणि गल्ल्या सर्वात स्वच्छ करील तिच्यातून ती जाईल. शहरभर झाडलोट, रंगसफेदी आणि डागडुजी सुरू झाली. हजारो गाड्या कचरा निघाला. मिरवणुकीत अस्वच्छतेचे राक्षस होते आणि अंगभर पिसवा वागवणारा प्रचंड उंदीर होता. शेवटी त्यांचे दहन झाले. मागून नव्या ग्रंथालयाच्या आणि सार्वजनिक इमारतींच्या प्रतिकृती निघाल्या, आणि नगरदेवताही आली. पण सर्वात अर्थपूर्ण भाग होता सफाई कामगारांचा. शुभ्र नवी वस्त्रे ल्यालेले, माळा घातलेले ते कामगार सजवलेल्या गाड्यांसह मानाने चालले. ज्यांची सावली टाळली जात होती त्यांचा शहराने त्या दिवशी जाहीर सन्मान केला.

याला कोणी तमाशा म्हणेल. संस्थानी राज्यातील ही गोष्ट, मतदान नाही, ठराव नाही, आणि महाराजा एका दिवसाचा असला तरी अधिकार वरूनच आलेला. हे सारे आक्षेप खरे आहेत. गेडिस निघून गेल्यावर ती प्रथा टिकली नाही, कारण तिला संस्थेचा आधार नव्हता. तरीही गेडिस यांना एक मर्म सापडले होते. योजना कागदावर येण्यापूर्वी लोक तीत सहभागी झाले, आणि त्यांना स्वतःच्या भाषेत, सणाच्या भाषेत बोलावले गेले. शंभर वर्षांनी, २०१७ मध्ये, हेच इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिले आले आणि पुढे २०२३ पर्यंत सलग पहिले राहिले. एकातून दुसरे निघाले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि ज्यांचे वास्तव्य इंदुरात आहे त्या मराठी मंडळींनी हा जुना दुवा मुलांना अवश्य सांगावा.

गावाला सभा, शहराला समिती

स्वातंत्र्यानंतर लोकसहभागाची भाषा प्रामुख्याने गावाविषयी बोलली गेली. शहर हा कारभाराचा, गाव हा लोकशाहीचा विषय, अशी एक अघोषित विभागणी झाली. ती सर्वात स्पष्ट दिसते ती १९९२ च्या दोन घटनादुरुस्त्यांत. त्र्याहत्तरावी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून आणि चौऱ्याहत्तरावी १ जून १९९३ पासून अमलात आली. जुळ्या बहिणी म्हणून आपण त्यांचा उल्लेख करतो. पण त्यांत एक मोठा भेद आहे.

त्र्याहत्तराव्या दुरुस्तीत अनुच्छेद २४३-क आहे. तो ग्रामसभेला, म्हणजे मतदार यादीतील प्रत्येक ग्रामस्थाच्या सभेला, घटनात्मक स्थान देतो. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीत त्याच्या तोडीचे काही नाही. तेथे तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी प्रभाग समित्या आहेत. त्यांची रचना ठरवण्याचे काम राज्यांवर सोपवले आहे. मुंबईत अनेक प्रभाग मिळून एक समिती होते, आणि तीत नगरसेवकांसोबत स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत नामनिर्देशित सदस्य घेता येतात. अशी समिती लाखो लोकांमागे एक असते. म्हणजे पाचशे उंबऱ्यांच्या गावातील शेतकरी सभेत उभा राहून सरपंचाला हिशेब विचारू शकतो. मात्र त्याच शेतकऱ्याचा मुलगा नोकरीसाठी शहरात गेला की त्याचा तो अधिकार वेशीवरच गळून पडतो. शहर मोठे, तेथे सर्वांची सभा कशी भरणार, असे उत्तर दिले जाते. संपूर्ण शहराची नाही भरणार. पण एका मतदान केंद्राच्या परिसराची का भरू नये?

हाच विचार पुढे आला. केरळात ऑगस्ट १९९६ मध्ये लोकनियोजन मोहीम सुरू झाली. राज्याच्या योजना खर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे देण्यात आला आणि गावांबरोबर नगरपालिकांच्या प्रभागांतही सभा भरू लागल्या. येथे आधी पैसा आला आणि मग सभा आली, हा क्रम महत्त्वाचा आहे. जिच्या हाती काही नाही अशा सभेला लोक एकदाच येतात. पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या परिसरातील छोटी कामे महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी सुचवता येऊ लागली. पदपथ, दिवे, बसथांबे अशी साधी कामे. पण अर्ज हरकतीचा नव्हता, मागणीचा होता.

डिसेंबर २००५ मध्ये केंद्राने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केले. त्याच्या अटींत लोकसहभागाचा कायदा करण्याची एक अट होती आणि त्यासाठी आदर्श विधेयकही राज्यांना देण्यात आले. त्याच्या केंद्रस्थानी होती क्षेत्रसभा, म्हणजे मतदान केंद्राच्या परिसरातील सर्व मतदारांची सभा. महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी कायद्यात तशा तरतुदी केल्या. नियम, सीमा, निधी आणि बैठकांचे वेळापत्रक यांपाशी मात्र गाडी अडली. केंद्राच्या सेवेत असल्याने मी हे मोकळेपणाने कबूल करतो की अनुदानाच्या अटीतून लोकशाही रुजत नाही. अटीची पूर्तता कागदावर होते, कागद दिल्लीस पोहोचतो, त्यावर खूण होते आणि हप्ता सुटतो.

हरकतींचा पूर

तरीही हरकतीचे जुने दार निरुपयोगी आहे असे समजण्याचे कारण नाही. मुंबईच्या २०१४ ते २०३४ या कालावधीच्या आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उभ्या इमारतींतून रस्ते गेले होते आणि नोंदींत चुका होत्या. लोकांनी, त्यांच्या संस्थांनी, वास्तुविशारदांनी आणि विद्यार्थ्यांनी नकाशे मिळवून गल्लीगल्लीत पडताळणी केली. मसुदा मराठीत नाही, ही त्या वेळची एक ठळक तक्रार होती. ज्या शहराची भाषा मराठी, त्याचे भवितव्य मराठीत वाचता येऊ नये, यावर अधिक भाष्य नको. हरकती व सूचनांची संख्या साठ हजारांच्या वर गेली. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी मसुदा रद्द ठरवून तो नव्याने करण्यास सांगितले. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि मंजुरी २०१८ मध्ये मिळाली.

यातून दोन निष्कर्ष निघतात. नागरिकांनी पाहिलेला आराखडा तज्ज्ञांनी एकट्याने केलेल्यापेक्षा अचूक होतो, हा पहिला. लोकांना आरंभी न विचारल्याने वाचवलेला वेळ शेवटी व्याजासह मोजावा लागतो, हा दुसरा.

सर्वजण का येत नाहीत

येथे अर्थशास्त्राकडे वळणे भाग आहे. मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले की सामूहिक लाभ जितका विखुरलेला, तितके त्यासाठी झटणारे कमी. पटांगण वाचले तर लाभ दोनशे कुटुंबांचा, पण सूचना वाचण्याचा, नकाशा पाहण्याचा आणि कार्यालयात खेटे घालण्याचा खर्च एकट्याचा. उलट आरक्षण उठले तर ज्याला लाभ व्हायचा तो एक जण असतो आणि तो नेमका सुनावणीस हजर राहतो. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये आणखी एक भेद सांगितला. संस्था नासू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात, आवाज उठवणे किंवा निघून जाणे. बदलीच्या नोकरीतील आपण मंडळी कायमच दुसऱ्या वाटेवर असतो. पुढच्या वर्षी बदली होणार, मग या शहराच्या नाल्याची चिंता कशास? असे म्हणत मी स्वतः अनेक शहरांत राहिलो आणि एकाही शहराचा नागरिक झालो नाही.

प्रशासकाची बाजूही मांडली पाहिजे. सभेला जो येतो तो सर्वांचा प्रतिनिधी असतोच असे नाही. दिल्लीत २००० मध्ये सुरू झालेल्या ‘भागीदारी’ उपक्रमात आरंभी रहिवासी संघटनांचाच भरणा होता आणि त्या बहुतांशी नियोजित वसाहतींच्या होत्या. झोपडवस्तीत राहणारा मोठा वर्ग त्या टेबलापाशी नव्हता. मध्यमवर्गाची सभा फेरीवाल्याला हटवण्याचा ठराव सहज करते. ज्याला दिवसाची मजुरी बुडवून सुनावणीस यावे लागते, त्याच्यासाठी सकाळी अकराची वेळ म्हणजे बंद दारच. म्हणून सभा भरवणे पुरेसे नाही. ती केव्हा, कोठे आणि कोणत्या भाषेत भरते, यावर ती कोणाची हे ठरते.

आणि सभागृहच नसेल तर? मद्रासचा, म्हणजे आजच्या चेन्नईचा वारसा सर्वात जुना. तेथे २०१६ ते २०२२ निर्वाचित मंडळ नव्हते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ मधील निवडणुकीपर्यंत प्रशासकच कारभार पाहत होते. प्रशासक कार्यक्षम असू शकतो, क्रॉफर्डही होते. पण त्या वर्षांत सज्जात बसून ऐकण्यासारखी सभाच नव्हती. १८७१ मध्ये करदात्यांनी जे मागितले, त्याच्याही मागे आपण गेलो होतो, आणि शहराच्या दैनंदिन जीवनात कोणाला फारसे काही चुकल्यासारखे वाटले नाही. मला अधिक चिंता वाटते ती या न वाटण्याची.

प्रेक्षक, हरकतदार आणि सभासद अशा या तीन पायऱ्या आहेत. पहिली आपल्याला १८८८ मध्ये, दुसरी १९१५ नंतर हळूहळू मिळाली. तिसरी कागदावर आहे. ती प्रत्यक्षात आणणे कायद्याचे काम आहे, पण केवळ कायद्याचे नाही.

मंडळाच्या पटांगणाचे काय झाले, हे सांगून थांबतो. मुदतीनंतर दिलेला अर्ज स्वीकारायचा की नाही यावर संबंधित कार्यालयात बराच काथ्याकूट झाला. अखेर तो दाखल झाला, सुनावणी झाली, तीन मिनिटे मिळाली आणि रस्त्याची रुंदी थोडी कमी झाली. पटांगणाचा निम्मा भाग वाचला. निम्मा गेला, आणि त्यासोबत ज्याच्या सावलीत मुले सराव करीत ते कडुनिंबाचे झाडही गेले. त्यानंतर मंडळाच्या कार्यकारिणीत एक नवे पद निर्माण झाले आहे. त्याला नाव नाही, मानधन नाही. वर्तमानपत्रातील जाहीर सूचना रोज वाचणे आणि शहराशी संबंधित असेल ती फलकावर लावणे, एवढेच त्याचे काम. पहिली दोन वर्षे ते मी केले. बदली झाल्यावर एका निवृत्त शिक्षिकेने ते स्वीकारले. त्यांनी फलकावर सूचनेशेजारी एक ओळ लिहिण्याचा प्रघात पाडला आहे, ‘मुदत अमुक दिवशी संपते’. सूचना आपल्या मंडळाच्या जागेची आहे की पलीकडच्या वस्तीची, हे त्या पाहत नाहीत. वस्तीतील लोकही आता तो फलक वाचायला येतात, असे त्यांनी मागच्या पत्रात कळवले आहे.